अनोळखी वाफा

१

आमच्या संस्थेत निवडणीचा दिवस म्हणजे नुसता दंगा. जंगलात झाडांखाली आम्ही कापडी झोळ्या टांगून ठेवतो. वरून जे काही पडेल ते झोळीत जमतं: पानं, काटक्या, फुलं, पिसं, कधी एखादा रागावलेला बेडूक. मग ठरलेल्या सकाळी सगळ्या झोळ्या ऑफिसातल्या लांब टेबलावर उलट्या करायच्या आणि सगळ्यांनी खुर्च्या ओढून निवडत बसायचं. मीही बसते. या वर्षावन कार्यक्रमाची मी प्रमुख आहे, पण त्या टेबलावर प्रमुखाला कोणी विचारत नाही. हात चालतात धान्य निवडल्यासारखे, आणि तोंडं त्याहून जास्त चालतात.

पानं एकीकडे, काटक्या एकीकडे. ओळखीच्या बिया भट्टीत वाळवायच्या, वजन करायचं आणि बरणीत बंद करून फळीवर ठेवायच्या. त्या पुन्हा उगवत नाहीत. अनोळखी बियांसाठी मात्र टेबलाच्या टोकाला एक पत्र्याची ताटली असते. हा नियम माझा. "ओळख पटत नसेल तर फेकायचं नाही, पेरायचं. रोप मोठं झालं की स्वतःच सांगेल कोण आहे ते." हे मी इतक्या सभांमध्ये ऐकवलंय की दोरीवाला माझी नक्कल करतो ती याच वाक्याने, मान माझ्यासारखी तिरकी करून. दोरीवाला म्हणजे आमच्याकडे उंच झाडांवर दोर टाकून चढणारा. ताटलीतलं सगळं रोपवाटिकेच्या काकूंकडे जातं. काकूंनी त्यासाठी कोपऱ्यातला एक वाफा राखून ठेवलाय, त्याला सगळे अनोळखी वाफाच म्हणतात.

त्या दिवशी दंगा जरा जास्तच होता, कारण पहिल्यांदाच आम्ही पट्ट्यातल्या झाडाखाली झोळी टांगली होती. पट्टा म्हणजे आमच्या कार्यक्रमाचा जीव. जंगलाचे दोन तुकडे, मध्ये उजाड माळ, आणि त्या माळावर आम्ही हातांनी लावलेली झाडं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. इतकी वर्षं ती नुसती वाढत होती. आता त्यातल्या एकाला फळ धरलं होतं, आणि तेही कोणाच्या झाडाला? माझ्या लेकीच्या.

"आजी झालात, ताई!" काकू ओरडल्या. "झाड लेकीचं, म्हणजे तुम्ही आजीच की!"

दोरीवाल्याने झोळी उलटी केली. पानांमधून काहीतरी टपटप करत टेबलावर आलं. मूठभर बिया, पांढऱ्या, टणक, चकचकीत. मी जरा थबकले. या जातीची बी काळी असते आणि भोवती पिवळा गर असतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एक बी मी बोटांत धरून फिरवली. एका बाजूला पसरट आणि कडेला धार, दुसऱ्या बाजूला निमुळती होत गेलेली.

"दुधाचा दात वाटतोय," मी म्हटलं. सगळे हसले, मीही हसले.

"ओळखीचं की अनोळखी?" काकूंनी विचारलं. हा प्रश्न त्या प्रत्येक बीला विचारतात.

"अनोळखी," मी म्हटलं आणि बिया ताटलीत गेल्या. एक मात्र मी खिशात टाकली. माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे, त्याला गंमत वाटेल म्हणून.

२

ही झाडं कशी लावली ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

या जातीचं फळ माकडं चोखतात, गर खातात आणि बी थुंकतात. चोखलेली बी उगवते. गरासकट पडलेली मातीत कुजते. आमच्या तुकड्यातली माकडं तर केव्हाच नाहीशी झाली होती. आम्ही बिया धुतल्या, घासल्या, राखेत घोळवल्या. वाफे ढिम्म हलायला तयार नाहीत. शेवटी एका दुपारी वैतागून मी एक फळ तोंडात टाकलं, चांगलं चोखलं आणि बी थेट वाफ्यात थुंकली. ती उगवली.

मग काय, अख्खी संस्था माकडं झाली. बैठकीच्या टेबलावर फळांची वाटी, प्रत्येकाचा गाल फुगलेला, आणि बोलताना मध्येच थुंकायचं. पाहुणा आला की त्याच्यापुढेही वाटी सरकवायची. नवरा मला घ्यायला यायचा तेव्हा तोही चार चोखून जायचा. वर म्हणायचा, "हेच करायचं होतं तर एवढं शिकलीस कशाला?" पट्ट्यातली निम्मी झाडं माझ्या तोंडातून गेलेली आहेत. हे मी सभेत सांगते तेव्हा लोक टाळ्या वाजवतात.

माझी लेक तेव्हा तान्ही होती. भिंगरी म्हणतो आम्ही तिला, एका जागी बसत नाही म्हणून. दात येत होते, हिरड्या शिवशिवत होत्या, आणि दिसेल ते ती चावायची, खुर्चीचा पाय, माझी चप्पल, काकूंचं बोट. एक दिवस तिने माझ्या मुठीतून फळ ओढून तोंडात घातलं आणि काही केल्या बी सोडेना. घशात अडकेल म्हणून माझा जीव टांगणीला, आणि ही आपली चोखतेय. शेवटी ती झोपल्यावर काकूंनी हलकेच बोट घालून बी काढली आणि पेरली. ती सगळ्यांच्या आधी उगवली. पट्ट्यातलं सगळ्यात उंच झाड ते.

तर, संध्याकाळी जेवताना मी खिशातली बी नवऱ्यापुढे ठेवली.

"हा कुठे मिळाला?" त्याने विचारलं.

"झाडाला आला."

"थट्टा पुरे. वरचा, पुढचा, डावीकडचा. दुधाचा." त्याने तो दिव्याखाली धरला, फिरवला. मग म्हणाला, "भिंगरे, आ कर बघू."

तिने तोंडातल्या सूपसकट आ केला. मागे एकदा झोपाळ्यावरून पडून तिच्या वरच्या दाताचा कोपरा उडाला होता. नवऱ्याच्या बोटांतल्या बीचाही तोच कोपरा उडालेला होता, तितकाच, तसाच तिरका.

"पण तिचा दात तर जागेवर आहे," मी म्हटलं.

"जागेवर आहे," तो म्हणाला. मग बोट लावून त्याने तो हलवून पाहिला. "हलतोय मात्र."

भिंगरीने टाळ्या पिटल्या. वर्गात सगळ्यांचे दात पडायला लागले होते, हिचाच अजून एकही पडला नव्हता. ती ताटाभोवती गोल गोल नाचली, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघून हसत राहिलो.

३

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. अंथरुणात पडल्या पडल्या मी मनाशी सगळा हिशेब मांडला. उंदीर वस्तू नेतात, खारी नेतात, पक्षीही नेतात. दुसऱ्या कुठल्या मुलाचा दात असेल. दातांचे कोपरे उडतातच, मुलं पडतातच. पण एका झोळीत मूठभर? बरं, मग दात नसेलच. बीच असेल, दातासारखी दिसणारी. नवरा दिवसभर दातच बघतो, त्याला सगळीकडे तेच दिसणार. या शेवटच्या विचाराने मला इतकं बरं वाटलं की मी शांत झोपले.

सकाळी मी दोरीवाल्याला घेऊन पट्ट्यात गेले. तो गाणं म्हणत वर चढला. त्याचा आवाज बेसूर, पण त्याला कोणीतरी तसं सांगायला हवं ना. तो फांद्यांत दिसेनासा झाला आणि गाणं थांबलं, तेव्हा मला दुसरा एक आवाज ऐकू आला. बारीक, कोरडा, करकर करणारा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. वारा अजिबात नव्हता. हा आवाज माझ्या ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. मग आठवलं. भिंगरी दुपारी झोपली की दात खाते, तो आवाज.

किडे असतील. लाकूड पोखरणारे किडे असाच आवाज करतात. मी बुंध्याला कान लावला. साल उबदार होती, आणि ऊन तर अजून तिथे पोचलंही नव्हतं.

"ताई, झेला!" वरून आवाज आला आणि दोरीला बांधलेला एक घोस खाली उतरला. फळं पिकून उकलली होती. आत गर पिवळा नव्हता, गुलाबी होता, ओलसर, आणि त्यात पांढऱ्या बिया कमानीसारख्या बसलेल्या. मी एक फळ दोन बोटांनी मिटवलं. सोडल्यावर ते सावकाश पुन्हा उघडलं.

"हसतंय की हो!" दोरीवाला खाली उतरून म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "नवीन जात आहे, ताई. आपल्या पट्ट्यात, आपल्या हातची नवीन जात! कळतंय का तुम्हाला?"

मला कळत होतं. सगळं आयुष्य ज्याची वाट बघावी, ते माझ्या हातात होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आम्ही दोघांनी त्या झाडाखाली चक्क फुगडी घातली. नाचताना वरची करकर थांबली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. जणू कोणी कान देऊन ऐकत होतं.

४

भिंगरीचा दात पावात रुतून बाहेर आला. रक्त नाही, रडं नाही. तिने तो धुऊन बापाकडे दिला. बापाने आधीची बी काडेपेटीत ठेवली होती, तिच्याशेजारी त्याने हा ठेवला, आणि पेटी माझ्यापुढे धरली.

"यातला तोंडातला कोणता?" त्याने विचारलं.

मी बघत राहिले. त्यालाही सांगता येईना. तो हसला, मग पेटी खणात ठेवून त्याने खण जरा जोरातच लोटला.

पुढचे दात भराभर पडले. वरचे, मग खालचे. भिंगरीला कोण आनंद! फटीतून ती शिट्टी वाजवायला शिकली. बाथरूममध्ये शिट्टी, शाळेच्या वाटेवर शिट्टी, आजीला फोन लावून शिट्टी. माझी आई म्हणाली, "या पोरीचं लग्न रेल्वेच्या गार्डाशी लावा." दुपारच्या झोपेत दात खाणंही आपोआप थांबलं. खायला दातच नव्हते, त्यात नवल ते काय. पण ती झोपली की घर फारच शांत वाटायचं. मी मुद्दाम भांडी वाजवत काम करायची.

नवे दात मात्र येईनात. वर्गातल्या सगळ्यांना आले. भिंगरीच्या हिरड्या गुलाबी, गुळगुळीत, मिटलेल्या. नवरा रोज बोट फिरवून बघायचा आणि रोज काहीतरी विनोद करायचा. शेवटी मी त्याच्यामागे लागले तेव्हा आम्ही तिला दवाखान्यात नेलं. ती मोठ्या खुर्चीत बसून वर-खाली करायचं बटण दाबत राहिली.

झोपाळ्यावरून पडली होती तेव्हा त्याने तिच्या जबड्याचा फोटो काढला होता. तो मी पाहिला होता. दुधाच्या दातांच्या मागे मोठे दात आत दडून बसलेले, स्वच्छ दिसत होते. आता त्याने नवा फोटो काढून पडद्यावर लावला. मग पुन्हा काढला. मग यंत्राला दोन चापट्या मारून आणखी एकदा काढला.

"उशीर होतो काही मुलांना," तो म्हणाला.

"पण होते ना आत?"

"होते."

"मग गेले कुठे?"

उत्तर खुर्चीतून आलं. "माझे दात काकूंकडे आहेत," भिंगरी म्हणाली. "काकू रोज पाणी घालतात ना त्यांना." आणि तिने बटण दाबून खुर्ची वर नेली.

५

मी तडक रोपवाटिकेत गेले. भिंगरी माझ्या मागोमाग उड्या मारत आली, आणि बाहेर पाण्याच्या टाकीपाशी खेळत थांबली.

दुपारचं ऊन हिरव्या जाळीतून गाळून आत येत होतं. रोपं ओळीने उभी होती, नुकतीच पाणी पिऊन. इथे आलं की माझा जीव नेहमी निवतो. आत कोणी नव्हतं, तरी कोपऱ्यातून तो आवाज येत होता. करकर. थांबणं. करकर.

"ताई!" काकू मागच्या दाराने झारी घेऊन आल्या. "बरं झालं आलात. तुम्हालाच बोलावणार होते. उगवलं!"

त्यांनी वाफ्यावरचं कापड लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं बाजूला केलं. काळ्या ओल्या मातीतून पांढरी टोकं वर आली होती. पान नाही, देठ नाही, नुसती टोकं.

"कोंब सुरुवातीला पांढरेच असतात," काकू म्हणाल्या. "फक्त एक कळत नाही. मी पेरलं होतं सरळ रेघेत. उगवलंय बघा कसं, कमानीत. एक कमान इकडे, एक तिकडे."

मी गुडघ्यावर बसले. मातीचा वास नेहमीचा नव्हता. त्याला दुधाचा वास होता, तान्ह्या मुलाच्या तोंडाला येतो तसा. माझ्या लेकीच्या तोंडाचा वास मी विसरले नव्हते. मी खुरपं उचललं. हे माझ्या पोरीचं आहे, तिचं तिला मिळालं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कसं मिळणार, याचा विचार नव्हता. खुरप्याचं टोक मी एका पांढऱ्या टोकाला लावलं, अगदी हलकेच.

बाहेर भिंगरी खळखळून हसली. "आई गं, गुदगुल्या!" ती ओरडली. जाळीतून मला ती दिसत होती. दोन्ही हात तोंडावर दाबून ती जागच्या जागी उड्या मारत होती.

खुरपं माझ्या हातातून पडलं. मी नवऱ्याला फोन केला. तो दवाखाना तसाच टाकून आला, खिशात त्याचा छोटा आरसा घेऊन. काकूंना आम्ही चहा करायला पाठवलं. तो वाफ्यापाशी पालथा झाला आणि आरसा धरून, डोळे बारीक करून, एकेक टोक बघत गेला. पेशंटशी बोलतो तसं तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. मी त्याला सगळं सांगितलं, खुरप्याचं, गुदगुल्यांचं.

"उपटायचे का?" मी विचारलं. "सांग. तू म्हणशील ते."

तो उठून बसला. कोपराला माती लागली होती. "कीड नाही. वाकडे नाहीत. एकदम सुरेख आहेत," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. "निरोगी दात मी कधी उपटलाय का गं?"

त्याने वाफ्यावर थोडी माती ओढली, हाताने थोपटली आणि कापड पुन्हा नीट घातलं.

६

तरी मला राहवेना. रोप वाफ्यातून उचलून कुंडीत लावता येतं, तर हे का नाही? घरी खिडकीत ठेवू, नजरेसमोर राहील. या विचाराने दोन-चार दिवस मी बरी होते. मग एका सकाळी कुंडी घेऊन निघाले. भिंगरीला सुट्टी होती, ती पुढे पळाली. पायवाटेवर तिची शिट्टी ऐकू येत होती. रोपवाटिकेच्या दारापाशी ती थांबली. म्हणजे शिट्टी थांबली.

मी जाळीचं दार ढकललं. काकू कोपऱ्यात झारी धरून उभ्या होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, तसं हसू आपण झोपलेल्या बाळाकडे बघून हसतो.

भिंगरी वाफ्यात पालथी पडली होती. हात दोन्हीकडे सैल टाकलेले, पायातली एक चप्पल निसटलेली. तोंड मातीत. चेहरा बाजूला वळवलेला नव्हता, सरळ मातीत होता, कानापर्यंत. तिची पाठ शांतपणे वर-खाली होत होती. करकर आवाज येत होता, पण आता तो मातीतून येत होता की तिच्यातून, ते मला सांगता येणार नाही. आणि पट्ट्याच्या बाजूची सगळी पानं हलत होती.

मी किंचाळले असेन. मला आठवत नाही. कुंडी फुटलेली मात्र नंतर दिसली.

भिंगरी उठून बसली, जशी रोज सकाळी उठते, डोळे चोळत. ओठांवर माती, नाकावर माती. तिने मला पाहिलं आणि ती हसली. हसू अख्खं होतं. वरचे, खालचे, सगळे. पांढरेशुभ्र, ओले, एका ओळीत. वाफ्यात काळी भोकं राहिली होती, दोन कमानींत.

"आई, आले!" ती म्हणाली.

मी धावत जाऊन तिला उचललं. हसत होते, रडत होते, तिच्या तोंडावरची माती पुसत होते. माझी पोर, माझी पोर, एवढंच म्हणत होते. काकू टाळ्या वाजवत होत्या. दोरीवाला बाहेरून धावत आला आणि काय झालं ते न विचारताच नाचायला लागला. पुसता पुसता माझं बोट तिच्या वरच्या दातावरून गेलं. नवा, मोठ्या माणसाचा दात. आणि त्याचा कोपरा तसाच तिरका उडालेला.

७

नवऱ्याने फोटो काढला. पडद्याकडे तो खूप वेळ बघत होता. मी पुढे झाले तेव्हा त्याने हात लांब करून पडदा बंद केला. "छान धरलेत," तो म्हणाला. मग त्याने भिंगरीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही आइस्क्रीम खायला गेलो.

ती मजेत आहे. इतक्या मजेत मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. जेवण थोडं कमी झालंय, पण उन्हात पायरीवर बसली की गाल असे टवटवीत होतात की शेजारीपाजारी विचारतात, काय देता हो पोरीला? मध्येच ती मान वळवून पट्ट्याच्या दिशेने बघते आणि हसते, कोणीतरी विनोद सांगावा तसं. कधी उत्तरही देते. मी विचारलं, "कोणाशी बोलतेस गं?" तर म्हणते, "सगळ्यांशी." एका संध्याकाळी ती माझ्या मांडीत बसली होती. तिचे केस मी विंचरत होते.

"आई, तू कधी येणार?"

"कुठे?"

"अगं, इकडे," ती म्हणाली, माझ्या मांडीतच बसून.

माझा कंगवा थांबला. तिचं डोकं माझ्या छातीला टेकलं होतं, तिच्या अंगाची ऊब मला लागत होती, आणि माझं लेकरू माझ्यापासून किती लांब आहे ते मला कळलं. एवढ्या लांब मी तिला कधी एकटीला पाठवलं नव्हतं. शेजारच्या गल्लीत जायचं तरी मी दारात उभी राहते.

मग पट्टा फुलला. एका झाडापाठोपाठ दुसरं, सगळा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाहेरून लोक बघायला आले, फोटो निघाले, आमच्या ऑफिसात हारतुरे झाले. दोरीवाला रोज नवं गाणं म्हणायचा, सगळी सारखीच बेसूर. फुलं गळली, फळं धरली. झोळ्या मी स्वतः टांगल्या.

निवडणीच्या दिवशी टेबलाभोवती जागा पुरेना. नवराही दवाखाना बंद ठेवून आला आणि माझ्या शेजारी बसला. झोळ्या उलट्या झाल्या. पांढऱ्या बिया सगळ्या टेबलावर पसरल्या, टपटप, टपटप, आणि सगळे आनंदाने ओरडले. कितीतरी वेळ नुसते हातच चालत होते. मग काकूंनी एक बी उचलून माझ्यापुढे ठेवली.

ती बाकीच्यांपेक्षा मोठी होती, दाढेसारखी. आणि तिच्या मधोमध चंदेरी ठिपका होता.

नवरा बघत होता. मागच्या बाजूच्या माझ्या दाढेत चांदी त्यानेच भरली होती, आमचं नवीन लग्न झालेलं असताना, आणि भरताना इतका हसवत होता की दोनदा पुन्हा भरावी लागली होती. टेबलाखाली त्याने माझा हात धरला.

मी जीभ मागे नेली. दाढ जागेवर होती. जीभ लावली तशी ती किंचित हलली.

"ताई," काकूंनी विचारलं, "ओळखीचं की अनोळखी?"

भट्टी मागे गरम होत होती. बरणी उघडी होती. ओळखीचं म्हटलं की झालं असतं, तिथल्या तिथे सगळं वाळून गेलं असतं. समोर भिंगरी हनुवटी टेबलावर टेकून माझ्याकडे बघत होती. शाळा सुटल्यावर सगळ्यांच्या आया येऊन जातात आणि ही एकटी फाटकाशी उभी राहते, तेव्हा बघते तशी. मला बघून तिने ओठ उघडले. कोपरा उडालेला दात दिसला.

"अनोळखी," मी म्हटलं. "पेरा."